बाईंचं विसरणं किती वाजता होतं?

रुग्ण स्त्री, वय ७०, जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतून निवृत्त. टाइप २ मधुमेह १७ वर्षांपासून, रक्तदाब ११ वर्षांपासून. पूर्ण शाकाहारी. पती दोन वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून थोरल्या मुलाकडे कराडला राहायला. तक्रार अशी की सहा-सात महिन्यांपासून विसरणं वाढलंय, मधूनच हरवल्यासारख्या बसून राहतात, दिवसभर डोकं जड असतं. (ओळख पटू नये म्हणून गाव आणि घरातले काही तपशील बदलले आहेत.)

हे सगळं सांगत होता मुलगा. बाई शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होत्या. स्वतःच्या आजाराबद्दल आपल्यासमोर आपल्याला वगळून बोललं जातंय, हे त्यांना नीट कळत होतं. विसरभोळेपणाची तक्रार घेऊन येणाऱ्या घरांत हे नेहमी दिसतं, आणि त्यातून पहिली अडचण तयार होते. माहिती सगळी बघणाऱ्याची मिळते, भोगणाऱ्याची मिळत नाही.

मुलाने सांगितलेले प्रसंग असे. दूध गॅसवर ठेवून विसरल्या, पातेलं जळलं. एफडीची पावती कपाटात होती आणि त्या ‘बँकेत दिली’ म्हणून वाद घालत राहिल्या. भिशीचा हिशेब कित्येक वर्षं तोंडी ठेवायच्या, तो दोनदा चुकला. घरचे खरे हादरले ते सत्यनारायणाच्या दिवशी. गणपतीची आरती सुरू होती, पाहुणे जमलेले, आणि बाई मधल्याच कडव्यात थांबल्या. टाळ हातात, घाम आलेला, नजर कुठेतरी. शेजारच्या बाईने हाताला धरून बसवलं. पंधरा-वीस मिनिटांनी शिरा खाल्ल्यावर त्या पुन्हा बोलायला लागल्या, पण तोवर घरात ‘आईला तो आजार झालाय’ हे ठरून गेलं होतं.

मग मी बाईंनाच विचारलं, तुम्हाला काय होतं? त्यांनी आधी पाय सांगितले. तळपायांची आग होते, रात्री चादर लागली तरी सहन होत नाही. डोक्याचं विचारल्यावर म्हणाल्या, “डॉक्टर, फळा पुसल्यासारखं होतं. अक्षरं गेलेली असतात, पण पूड राहिलेली असते. इथे काहीतरी लिहिलं होतं एवढं कळतं. आणि थोड्या वेळाने परत दिसायला लागतं.”

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. परत दिसायला लागतं. अल्झायमरमध्ये पुसलेलं असं तासाभरात परत येत नाही. दिवस बरे-वाईट असतात, पण एकूण घसरण संथ आणि एकाच दिशेची असते. ज्याच्या डोक्यावरचा ढग दिवसातून येतो आणि जातो, त्याच्या बाबतीत आधी रक्ताकडे आणि औषधांच्या डब्याकडे बघावं, मग मेंदूच्या फोटोकडे.

फोटो मात्र आधीच काढून झाला होता. फायलीत पुण्यातल्या एका केंद्रातला मेंदूचा एमआरआय होता. अहवालात मेंदू वयानुसार थोडा आकसल्याची नोंद होती, जी सत्तरीतल्या बहुतेकांच्या अहवालात असते. घरच्यांनी त्यातला ‘आकसला’ एवढाच शब्द घेतला होता. सोबत मोका ही स्मृतिचाचणी, ३० पैकी १७. साधारणपणे २६ आणि वरचे गुण ठीक समजतात. त्यावरून डोनेपेझिल हे स्मृतिभ्रंशावरचं औषध, ५ मिलिग्रॅम, सुरू झालं होतं.

मोकाच्या कागदावर वेळ लिहिलेली होती, दुपारी १२.५०. त्याच दिवशीचा रक्ताचा कागद चाळला. उपाशीपोटीचा नमुना सकाळी ८.४० चा, साखर ७४. जेवणानंतरचा नमुना दिलेलाच नव्हता. त्या दिवशी काय खाल्लं होतं, असं सुनेला विचारलं. “आईंनी रक्त दिल्यावर लगेच गाडीत गोळी घेतली, शुगरची गोळी चुकवायची नाही म्हणून. आणि दोन बिस्किटं. मग नंबर लागायला उशीर झाला.”

म्हणजे पहाटेपासून जवळजवळ उपाशी, अंगात साखर उतरवणारी गोळी, आणि अशा अवस्थेत शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. त्या क्षणी साखर किती होती, हे कुठेही लिहिलेलं नाही. मधुमेही माणसाची स्मृतिचाचणी घेताना आधी बोटातून साखर बघायला मिनिटभरही लागत नाही. माझ्या मते ती न बघता मिळालेले गुण फायलीत लावण्यालायक नसतात.

आता डबा. बाईंच्या रोजच्या गोळ्या अशा:

मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड २ आणि मेटफॉर्मिन १००० ची एकत्र गोळी, सकाळी आणि रात्री. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन ४०. मेटोप्रोलॉल ५०, कधीकाळच्या धडधडीसाठी. कोलेस्टेरॉलसाठी अॅटोरव्हास्टॅटिन १०. रोज उपाशीपोटी आम्लपित्तावरचं पॅन्टोप्रॅझोल, कधी आणि का सुरू झालं हे कुणालाच आठवेना. पायांच्या आगीसाठी प्रिगॅबालिन ७५ आणि नॉरट्रिप्टिलीन १० ची एकत्र गोळी, रात्री. आणि आता डोनेपेझिल.

चार वेगवेगळ्या डॉक्टरांनी चार वेगवेगळ्या वर्षांत लिहिलेली यादी. यातली एकही गोळी वेडगळपणे दिलेली नव्हती, सुटी सुटी बघितली तर प्रत्येकीला कारण होतं.

पहिल्या भेटीत मी काहीही बदललं नाही, फक्त दोन कामं दिली. एक, हरवल्यासारखं झालं की तारीख आणि वेळ लिहायची, आणि जमलं तर तेव्हाच ग्लुकोमीटर लावायचा. दोन, गोळ्यांच्या पट्ट्या मोजायच्या. सुनेने वेगळी वही न करता स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवरच लिहायला सुरुवात केली, दुधाच्या हिशेबाच्या शेजारी. तीन आठवड्यांनी ते पान तिने काढून आणलं, आणि निदानाचा निम्मा भाग त्या पानावरच होता.

बहुतेक नोंदी सकाळी साडेअकरा ते एक या वेळातल्या. दोन पहाटेच्या, ‘उठल्यावर डोकं दुखतंय, ब्लाउज ओला’. दुपारी जेवणानंतरची एकही नाही. आणि सगळ्यात जास्त खरडल्यासारखं लिहिलेले तीन चौकोन होते, त्यांतल्या दोहोंवर छापील ‘एकादशी’ होतं आणि एकावर ‘संकष्टी’, चंद्रोदयाच्या वेळेसकट. उपासाच्या दिवशी बाई सकाळची गोळी चहाबरोबर घ्यायच्या आणि दुपारी थोडी साबुदाण्याची खिचडी, संकष्टीला तर रात्री चंद्र दिसेपर्यंत फक्त चहा आणि एखादं केळं. सत्यनारायणाच्या दिवशीही पूजा होईपर्यंत त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. गोळी मात्र घेतली होती.

एरवीच्या दिवसांचं काय? साखर वाढेल म्हणून त्यांनी नाश्ता जवळजवळ सोडला होता. साडेसातला गोळी आणि बिनसाखरेचा चहा, मग अंघोळ, तासभर पूजा, नैवेद्य, आणि नातू शाळेतून आल्यावर दीड वाजता जेवण. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. पोटात अन्न आहे की नाही, याची त्या गोळीला फिकीर नसते. म्हणून ती दिवसाच्या पहिल्या भरपूर खाण्याबरोबर घ्यायची असते. चहा म्हणजे खाणं नव्हे, हे आपल्याकडे प्रत्येक घरात वेगळं सांगावं लागतं.

एका एकादशीला दुपारी १२.१० ला सुनेला ग्लुकोमीटर लावायला जमलं. ५२.

सत्तरच्या खाली साखर गेली की ती कमी समजतात, ५४ च्या खाली ती गंभीर असते, आणि मेंदूचं काम अडखळायला लागतं. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम दोन टक्के, पण ऊर्जेच्या खर्चात वीस टक्क्यांच्या आसपास, आणि स्वतःकडे साठवण जवळजवळ नाही. सुनेने शिकवल्याप्रमाणे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं. ८८. बाई म्हणाल्या, “आज एकादशी ना? मग मला साखर का पाजतेस?” म्हणजे पूर्ण भानावर.

न्यूयॉर्कचे शल्यविशारद अॅलन व्हिपल यांनी १९३८ मध्ये साखर उतरल्याचं निदान पक्कं करायला तीन अटी घातल्या होत्या: लक्षणं असावीत, त्याच वेळी मोजलेली साखर कमी असावी, आणि साखर दिल्यावर लक्षणं जावीत. त्या स्वयंपाकघरात तिन्ही पूर्ण झाल्या.

मग इतके महिने कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? साखर उतरली की हात थरथरतात, छाती धडधडते, ही लक्षणं सगळ्यांना पाठ असतात. बाईंना मेटोप्रोलॉल चालू होतं. या गटातली औषधं नेमकी थरथर आणि धडधड दाबतात. घाम दाबत नाहीत, पण दुपारी बाराला गॅसजवळ उभ्या असलेल्या बाईला घाम आला तर त्याला आजार कोण म्हणणार? शिवाय वारंवार साखर उतरत राहिली की शरीर धोक्याची घंटा वाजवणंच कमी करतं. घंटा न वाजता थेट गोंधळ.

पहाटेच्या प्रसंगांसाठी दंडावर चौदा दिवस राहून साखर सतत मोजणारा सेन्सर लावला. वयस्क माणसांची साखर दिवसाच्या एक टक्क्याहून जास्त वेळ, म्हणजे साधारण पंधरा मिनिटांपेक्षा जास्त, सत्तरच्या खाली राहू नये असा संकेत आहे. बाईंची नऊ टक्के होती. रोजचे दोन तासांहून अधिक, बहुतेक पहाटे दोन ते पाचच्या दरम्यान आणि दुपारी. साबुदाण्यानंतर हीच रेघ २३० पर्यंत चढत होती. वरचं आणि खालचं मिळून सरासरी छान निघायची.

ती सरासरी म्हणजे एचबीएवनसी, ६.१. या आकड्याचं या घरात फार कौतुक होतं. अहवाल कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेला होता आणि त्याखाली टाळ्यांची रांग. तरुण आणि नुकत्याच निदान झालेल्या माणसाला ६.१ शोभतं. ग्लिमेपिराइड घेणाऱ्या सत्तर वर्षांच्या बाईचा ६.१ दिसला की माझी भुवई वर जाते. अमेरिकेतल्या ‘अॅकॉर्ड’ या दहा हजारांवर रुग्णांच्या अभ्यासात एचबीएवनसी सहाच्या खाली आणण्याचा कडक प्रयत्न केलेल्या गटात मृत्यू जास्त झाले, म्हणून २००८ मध्ये तो भाग मुदतीआधी थांबवावा लागला. त्यानंतर वयस्कांसाठीची लक्ष्यं सैल झाली: प्रकृती धडधाकट असेल तर सात ते साडेसातच्या खाली, बरेच आजार सोबत असतील तर आठच्या खाली. हे बदलून बरीच वर्षं झाली, पण ‘जितकी कमी तितकी चांगली’ हे घरोघरी अजून तसंच बसलंय.

आता पट्ट्या. दहा गोळ्यांची पट्टी, रोज दोन गोळ्या, म्हणजे दोन महिन्यांत बारा पट्ट्या. मेडिकलच्या बिलांवर तेरा होत्या आणि डब्यात एकही शिल्लक नव्हती. दहा गोळ्या जास्तीच्या गेल्या होत्या. बाईंना विचारल्यावर त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, “घेतली की नाही आठवत नाही तेव्हा घेऊन टाकते. न घेण्यापेक्षा बरी.”

या प्रकरणाचा गाभा मला इथे दिसतो. साखर उतरल्यामुळे विसरणं, विसरल्यामुळे गोळी दुबार, दुबार गोळीमुळे साखर आणखी खाली. एकदा हे चक्र फिरायला लागलं की कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे बाहेरून बघणाऱ्याला सांगता येत नाही. कॅलिफोर्नियातल्या सोळा हजारांवर मधुमेही वृद्धांचा एक मोठा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना साखर उतरून एकदा रुग्णालयात जावं लागलं त्यांना पुढे स्मृतिभ्रंश होण्याचा धोका सुमारे सव्वापट, तीन किंवा जास्त वेळा गेलेल्यांना जवळजवळ दुप्पट आढळला. त्यावर तेव्हापासून वाद आहे की साखर उतरल्याने मेंदू खराब होतो, की मेंदू आधीच थोडा ढासळलेला असल्याने गोळ्यांचा घोळ होऊन साखर उतरते. बाईंच्या घरातलं कॅलेंडर आणि बिलं बघितल्यावर मला तरी दोन्ही एकाच वेळी खरं वाटतं.

पण ग्लिमेपिराइड तर कित्येक वर्षं चालू होतं. आत्ताच काय झालं? उत्तर रक्ताच्या कागदावर एका लहान ‘एच’च्या (हाय, म्हणजे जास्त) रूपाने छापलेलं होतं. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.४. हा आकडा दिसायला किरकोळ. पण सत्तर वर्षांच्या स्त्रीसाठी हिशेब केला तर मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता चाळिसाच्या आसपास येते, जी तरुणपणी शंभरच्या घरात असते. ग्लिमेपिराइडची शरीरात होणारी उत्पादनं मूत्रपिंडातून बाहेर पडतात, ती आता रेंगाळत होती. प्रिगॅबालिन तर जवळजवळ सगळंच लघवीवाटे जातं, त्यामुळे ७५ चा परिणाम दीडशेसारखा होत होता. मेटफॉर्मिन या पातळीला दिवसाला एक ग्रॅमच्या वर देऊ नये असं सांगितलं जातं, बाई दोन घेत होत्या. डोस कुणी वाढवला नव्हता. डोस तेवढाच राहिला आणि शरीर बदललं.

दुपारच्या प्रसंगांचा उलगडा झाला तरी दिवसभराचं जडपण उरत होतं. साखर १४० असतानाही बाई संथ बोलत, शब्द शोधत. इथे दुसरा धागा हाती लागला. पायाच्या अंगठ्याला १२८ हर्ट्झचा ट्युनिंग फोर्क लावला तर कंप कळत नव्हता. डोळे मिटून उभं राहिल्यावर झोक जात होता. हिमोग्लोबिन १०.९, तांबड्या पेशींचा आकार वाढलेला. बी-१२ तपासलं: १२८. सर्वसाधारण प्रयोगशाळांत दोनशेच्या खाली ते कमी धरतात.

शाकाहार, सतरा वर्षं मेटफॉर्मिन आणि रोजचं पॅन्टोप्रॅझोल असं तिहेरी कारण. बी-१२ वनस्पतींतून मिळत नाही. दुधातून मिळतं, पण बाईंचं दूध म्हणजे चहातलं. अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला जठरातलं आम्ल लागतं, ते पॅन्टोप्रॅझोलने कमी केलेलं. आणि लहान आतड्याच्या शेवटच्या भागात ते शोषलं जातं तिथे मेटफॉर्मिन अडथळा आणतं. यकृतात काही वर्षांचा साठा असतो, म्हणून हे उशिरा उघडकीस येतं, तोवर गोळीचा आणि लक्षणाचा संबंध कुणाच्या डोक्यातही येत नाही. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०२२ मध्ये मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ कमी होणं हा वारंवार दिसणारा दुष्परिणाम असल्याचं सांगून लक्षणं असतील तर तपासणी करायला सांगितलं. आपल्याकडे त्याहून लवकर जागं व्हायला हवं होतं, कारण पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी हे कितीतरी आधीपासून सांगत होते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात पुणे आणि आसपासच्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी निघालं, शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के. हे मेटफॉर्मिन सुरू होण्याआधीचं चित्र. अशा माणसांना सतरा वर्षं मेटफॉर्मिन दिल्यावर काय उरणार?

यात एक विचित्र वळण आहे. पायांची आग मधुमेहाने बिघडलेल्या नसांमुळे होते असं समजून प्रिगॅबालिन-नॉरट्रिप्टिलीन सुरू झालं होतं. ती आग काही अंशी बी-१२ ची होती. म्हणजे एका गोळीने केलेल्या तुटीवर दुसरी गोळी, त्या दुसरीने आणलेल्या गुंगीवर तिसरी, डोनेपेझिल. त्यातही डोनेपेझिल मेंदूत अॅसिटिलकोलीन वाढवायला बघतं आणि नॉरट्रिप्टिलीन त्याच रसायनाचा रस्ता अडवतं. दोन्ही रोज, एकाच पोटात. शिवाय डोनेपेझिल आणि मेटोप्रोलॉल दोन्ही नाडी मंदावतात. बाईंची नाडी मिनिटाला ५२ होती, आणि जिना चढताना थकवा येतो म्हणून त्यांनी गच्चीवर जाणं सोडलं होतं.

थायरॉइड आणि सोडियम ठीक निघाले. नैराश्याची प्रश्नावली घेतली, थोडे गुण आले. नवरा गेल्यावर स्वतःचं घर सोडून आलेल्या बाईला ते येणारच, त्यासाठी गोळी दिली नाही.

उपचार सांगायला सोपे. ग्लिमेपिराइड बंद. मेटफॉर्मिन पाचशे-पाचशे. त्याच्या जोडीला लिनाग्लिप्टिन ५, जे एकटं असताना साखर सहसा खाली पाडत नाही आणि मूत्रपिंडासाठी डोस बदलावा लागत नाही. मूत्रपिंडाच्या दृष्टीने, लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या डॅपाग्लिफ्लोझिनचाही विचार केला, पण वारंवार लघवीचा जंतुसंसर्ग आणि निर्जळी उपास बघता ते पुढे ढकललं. बी-१२ ची इंजेक्शनं, आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला. नॉरट्रिप्टिलीन थांबवलं, प्रिगॅबालिन हळूहळू उतरवलं, कारण ते एकदम सोडलं तर त्रास होतो. न्यूरॉलॉजिस्टशी फोनवर बोलून डोनेपेझिल बंद केलं. मेटोप्रोलॉलही एकदम तोडायचं नसतं. साखर उतरवणारी गोळीच गेल्यामुळे ते तूर्त ठेवलं. पॅन्टोप्रॅझोल काढलं आणि कुणालाच फरक कळला नाही.

कठीण होतं ते घर. गोळ्या सुनेने द्याव्यात असं मुलाचं म्हणणं, आणि बाईंना ते अजिबात मान्य नव्हतं. “एकशेवीस पोरांचं हजेरीपत्रक सांभाळलंय मी. आता माझ्या दोन गोळ्या दुसऱ्याने सांभाळायच्या?” सून गप्प होती. ती देणारी झाली की रोजची कटकट तिच्या वाट्याला येणार, हे तिला आधीच दिसत होतं. शेवटी सात दिवसांचा, सकाळ-रात्र असे कप्पे असलेला डबा आणला. रविवारी बाईंनी स्वतः भरायचा, सुनेने फक्त एकदा बघायचा. रोज गोळी बाईंनी घ्यायची. शंका आली तर आठवायचं नाही, कप्पा उघडून बघायचं, रिकामा असेल तर घेतली. आणि एक नियम फळ्यावर लिहावा तसा डब्याच्या झाकणावर चिकटवला: ‘नक्की नसेल तर घ्यायची नाही.’ बाईंनी तो स्वतःच्या अक्षरात लिहिला, शिरोरेषा पट्टीने आखून.

उपासाचं बोलणं दोन भेटींत झालं. ‘आजारी माणसाला शास्त्रात सूट आहे’ हे मी नेहमीसारखं म्हणून बघितलं. “पोरांना मी सूट दिली नाही, स्वतःला कशी देऊ?” मग सूट मागणं सोडून वेळापत्रक मागितलं. निर्जळी नाही, दर तीन-चार तासांनी काहीतरी, साबुदाण्याऐवजी वरी, शेंगदाणे, ताक, राजगिरा. उपासाच्या दिवशी ग्लुकोमीटर दुपारी बाराला. नवीन गोळ्यांवर साखर घसरण्याचा धोका फारच कमी, त्यामुळे मलाही ताणायची गरज नव्हती. वेळापत्रक म्हटल्यावर त्यांनी मान्य केलं.

मुलाचा फोन तीन महिन्यांनी आला, आवाज चढलेला. एचबीएवनसी ७.४. “डॉक्टर, शुगर वाढली की! इतकी वर्षं कंट्रोलमध्ये होती.” त्याला सेन्सरच्या दोन रेघा शेजारी ठेवून दाखवल्या, जुनी आणि नवी. जुनीत दरी आणि डोंगर, नवीत साधारण १२० ते २०० मध्ये फिरणारी रेघ, सत्तरच्या खाली एकदाही नाही. पटलं असं तो म्हणाला. ग्रुपवर मात्र हा अहवाल टाकला नाही.

सुधारणा एका दमात झाली नाही, तिच्या टप्प्यांतूनही बरंच कळलं. दुपारचे हरवण्याचे प्रसंग ग्लिमेपिराइड बंद केल्यावर पहिल्याच आठवड्यात थांबले. दिवसाची गुंगी तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला उतरली, प्रिगॅबालिन कमी होत गेलं तशी. नाडी ६४ वर आली आणि बाई वाळवणं बघायला गच्चीवर जायला लागल्या. पायांची आग आणि शब्द शोधत बसणं मात्र महिनोनमहिने रेंगाळलं, बी-१२ ने नसा सावरायला तेवढा वेळ लागतो, आणि उशीर झाला असेल तर पूर्ण सावरतही नाहीत. अंगठ्याला कंप अजून नीट कळत नाही. सगळे बदल जवळजवळ एकाच वेळी केल्यामुळे कशाने किती झालं याचा चोख हिशेब मांडता येणार नाही, पण तीन तक्रारींचं जाणं तीन वेगळ्या वेगांनी झालं यावरून त्या तीन वेगळ्या गोष्टी होत्या, एक आजार नव्हता, एवढं म्हणायला हरकत नाही.

मोका मी दोनदा घेतली, दोन्ही वेळा नाश्ता करून आणि आधी साखर मोजून. औषधं बदलण्यापूर्वी साखर १४८ असताना २१. पाच महिन्यांनी साखर १३६ असताना २५. पुण्याच्या १७ आणि माझ्या २१ मधल्या चार गुणांत, डोनेपेझिल सोडलं तर, गोळी एकही बदललेली नव्हती.

पंचविसात पूर्ण समाधान नाही. थोड्या वेळाने शब्द आठवायचे असतात त्यांतले दोन त्यांना अजूनही आठवत नाहीत. मुलाने सरळ विचारलं, म्हणजे तो आजार नाहीच ना? असं लिहून देता येत नाही. मधुमेह स्वतःच स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवतो, छोट्या रक्तवाहिन्यांवर सतरा वर्षांचा परिणाम आहे, आणि त्याआधी कित्येक महिने मेंदू रोज दोन तास उपाशी होता. जे औषधांनी आणि तुटीने आणलेलं होतं ते गेलं. खाली काही आहे का, ते आता दिसेल, कारण वरचा गाळ काढलाय. सहा महिन्यांनी पुन्हा चाचणी, वर्षातून एकदा बी-१२, तीन-चार महिन्यांनी क्रिएटिनिन. मुलगा स्वतः चव्वेचाळीस वर्षांचा, पाच वर्षं मेटफॉर्मिनवर, त्यालाही बी-१२ करायला सांगितलं आहे. त्याने अजून केलेलं नाही.

दुसऱ्या मोकाच्या वेळी आणखी एक गोष्ट लक्षात आली. शब्द वाचून दाखवताना बाई माझ्या ओठांकडे बघत होत्या, आणि मी कागद तोंडासमोर धरला तेव्हा एक शब्द त्यांनी चुकीचाच परत म्हटला. जो शब्द कानात नीट शिरलाच नाही तो पाच मिनिटांनी आठवणार कसा? कमी ऐकू येणं हे स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत मोजतात, आणि घरच्यांनी सांगितलेल्या ‘तेच तेच विचारते’ या तक्रारीत त्याचा वाटा असू शकतो. ऑडिओमेट्रीसाठी साताऱ्याची वेळ घेतली आहे. बाईंचं म्हणणं, ऐकू सगळं येतं, नातू तोंडातल्या तोंडात बोलतो.